एका टाचेतले दोन धातू

"ह्यातला एक स्क्रू वेगळा हाय, मॅडम," मुरलीधर पोतदार म्हणाले आणि रुमालाची पुरचुंडी टेबलाच्या कडेला ठेवून दोन पावलं मागे सरकले. "सुतकात हाय मी. हातात देत न्हाई."

मला आधी माणूसच ओळखू आला नाही. ओपीडीत बाहेर साठ-सत्तर पेशंट बसलेले, त्यात माझा थिसिस नऊ दिवसांत विद्यापीठात पोचायचा होता, आणि माझं सगळं लक्ष समोरच्या तक्त्यांवर. मग त्यांनी आईचं नाव सांगितलं. शेवंताबाई पोतदार, हुपरी. माझ्या चाळीस पेशंटांपैकी सोळा नंबरच्या.

"मावशी गेल्या?" मी विचारलं.

"सोमवारी. निमित्त झालं जरा."

मी "अरेरे" म्हटलं. पुढे काही विचारलं नाही. बहात्तर वर्षांचं माणूस जातं तेव्हा निमित्त कशाचंही होतं, असं माझं तेव्हाचं डोकं. या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली, पण तो न विचारलेला प्रश्न मी अजून विसरलेले नाही.

"काल राख सावडायला गेलतो," ते म्हणाले. "टाचेजवळ हे दोन गावले. नदीत टाकायचं म्हणून हातात घेतलं, आणि थबकलोच. बघा की सोडून."

मी गाठ सोडली. मावशींच्या टाचेत आम्ही दोन वर्षांपूर्वी बसवलेले दोन लांब स्क्रू होते. मोटरसायकलवरून पडून त्यांची टाच मोडली होती, ती वेडीवाकडी जुळली आणि टाचेच्या वरचा सांधा झिजून गेला. असा सांधा दुरुस्त होत नाही. वरचं आणि खालचं हाड खरवडून दोन स्क्रूंनी आवळून टाकायचं, म्हणजे दोन्ही मिळून एकच हाड होतं. हालचाल जाते आणि तिच्याबरोबर दुखणंही जातं, निदान जायला हवं.

रुमालातला एक स्क्रू काळा पडला होता. दुसऱ्यावर पिवळट पांढरी पापडी धरली होती.

"आगीत रंग बदलतोच, काका," मी म्हटलं.

"बदलतो की. पण एका आगटीत, एका जागी, एकाच धातूचे दोन तुकडे असले दोन रंग धरत न्हाईत. मी तीस वर्षं चांदी वितळवतोय मॅडम, एवढं तरी मला कळंल." त्यांनी पिशवीतून चपटा, बॅटरीवरचा काटा काढून टेबलावर ठेवला. "तुम्हीच ठेवा. लांबी एक, जाडी एक. वजन बघा."

काळा साडेबारा ग्रॅम भरला. पांढरा सात.

मी पुन्हा ठेवून पाहिले. मग जागा बदलून ठेवले. आकडे तेच. मी घाईने तक्त्यांतला सोळा नंबर शोधला.

इथे माझ्या थिसिसबद्दल सांगायला हवं, नाहीतर दोन स्क्रूंच्या वजनाने एक डॉक्टरीण एवढी हबकली का, ते कळणार नाही. पायाच्या सांध्यात स्टीलचे स्क्रू चांगले की टायटॅनियमचे, हा माझा विषय होता. वीस पेशंटांना स्टील, वीस जणांना टायटॅनियम, आणि दोन वर्षांनी बघायचं, कुणाचा सांधा नीट जुळला आणि कुणाचं दुखणं गेलं. माझे गाईड डॉ. शिरगावकर सर हाडाचे काटेकोर. कुठला धातू हातात आहे हे कळलं की सर्जनचा हात नकळत कमी-जास्त होतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी स्क्रू बनवणाऱ्याला सांगून दोन्ही धातूंना एकसारखा मंद राखाडी रंग देवविला होता. स्क्रू ठेवायचे दोन डबे, आत मापाप्रमाणे खाचा; एकावर लाल पट्टी, दुसऱ्यावर हिरवी. लाल म्हणजे स्टील, हिरवा म्हणजे टायटॅनियम, पण शेवटी तक्ते जुळवेपर्यंत हे फक्त स्क्रू बनवणाऱ्याला ठाऊक होतं. ऑपरेशनच्या दिवशी भोरे सिस्टर पेशंटच्या नावाची चिठ्ठी उघडत आणि त्यात लिहिलेल्या रंगाचा डबा टेबलावर घेत. बाकी सगळं आंधळं. या आंधळेपणाचा आम्हाला केवढा अभिमान होता.

आणि एका पेशंटच्या अंगात दोन धातू कधीही शेजारी-शेजारी घालायचे नाहीत, हे तर आम्हाला पहिल्या महिन्यातच शिकवतात. शरीरातल्या खारट पाण्यात दोन धातू एकमेकांना लागले की त्यातला एक झिजायला लागतो.

"आई म्हणायची," मुरलीधरकाका सांगत होते, "पाय कळकलाय माझा म्हणून. बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवल्यागत आतनं कळकलाय म्हणायची. आम्ही हसायचो. तुमच्याकडं आणलंतं की दोनदा."

आणलं होतं. मला आठवत होतं. मी एक्सरे खिडकीकडे धरला, सांधा जुळलाय म्हणाले, आणि तक्त्यात त्या रकान्यात 'जुळला' लिहिलं. दुखण्याच्या रकान्यात मात्र मावशींनी सांगितलेला आकडा लिहिला नाही. दहापैकी आठ म्हणत होत्या त्या. एवढ्या छान जुळलेल्या सांध्यात आठ बसतच नव्हतं. मी तीन लिहिलं आणि शेजारी 'पेशंटचं सांगणं अविश्वसनीय' असा शेरा मारला.

"आज एकच विचारायला आलोय," ते म्हणाले. "आई खोटं बोलत हुती का न्हाई?"

मी म्हटलं, "थोडा वेळ थांबा."

भोरे सिस्टरांच्या कपाटात एक खण होता. काही पेशंट सांधा जुळल्यावर स्क्रू काढून घेत. बहुतेक जण ते घरी नेत, देव्हाऱ्यात वगैरे ठेवत. जे नेत नसत त्यांचे सिस्टर पाकिटात घालून, वर नाव आणि डब्याचा रंग लिहून जपून ठेवत. टाकून द्यायचा त्यांचा स्वभावच नव्हता. माझ्या चाळीसांतली अशी पाच पाकिटं निघाली.

"कशाला पाहिजेत तुम्हाला?" सिस्टर विचारत राहिल्या आणि माझ्या मागोमाग ओपीडीपर्यंत आल्या. मी पाकिटं फोडली. मी एकेक स्क्रू काट्यावर ठेवत गेले, आणि काका लांबूनच आकडा वाचत गेले.

पहिली जोडी बरोबर निघाली. दोन्ही जड, स्टील.

दुसऱ्या जोडीतला एक जड, एक हलका.

तिसरी बरोबर.

चौथ्या पाकिटावर सिस्टरांच्या अक्षरात 'हिरवा' लिहिलं होतं. दोन्ही स्क्रू जड निघाले.

पाचव्या जोडीत पुन्हा एक जड, एक हलका.

"आगं बाई," भोरे सिस्टर म्हणाल्या आणि तपासणीच्या पलंगावरच बसल्या. पाचांपैकी तीन. म्हणजे चाळीसांत किती? तीन वर्षं मी स्टीलची टायटॅनियमशी तुलना करत नव्हते, एका खिचडीची दुसऱ्या खिचडीशी करत होते. 'दोन्ही धातूंत लक्षणीय फरक आढळला नाही,' हे माझं शेवटचं वाक्य होतं. कसा आढळेल?

मी सरांना फोन केला. ते वॉर्डातून राउंड अर्धवट टाकून आले. काट्यापुढे खुर्ची ओढून त्यांनी सगळ्या जोड्या स्वतः पुन्हा तोलल्या. मग चष्मा काढून बराच वेळ काचा पुसत बसले.

"सिस्टर," ते शेवटी म्हणाले, "चिठ्ठीतल्या रंगाचाच डबा तुम्ही काढत होता ना?"

"साहेब, एकदाबी चूक नाही. माझ्या लेकराची शपथ. चिठ्ठीत लाल तर लाल डबा. तुम्ही सत्तर एमएमचा मागितला की सत्तरच्या खाचेतला उचलून द्यायची. आता खाचेत काय भरलंय ते मला कसं कळणार? सगळे दिसतात सारखेच. तुम्हीच तर सारखे करून घेतलेत."

"खाचा कोण भरत होतं?"

सिस्टर माझ्याकडे बघायचं टाळत होत्या आणि त्यातच सगळं आलं.

मी भरत होते. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचं ते कामच असतं. ऑपरेशन झालं की डबे धुऊन, लावून निर्जंतुक करायला पाठवायचे. माझ्या पहिल्या महिन्यात एकदा सरांनी सत्तरचा स्क्रू मागितला आणि सत्तरची खाच रिकामी निघाली. त्यांनी अख्खा ट्रे लाथेने सरकवला आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, की घरी डबे लावतेस तेव्हाही साखरेचा रिकामा ठेवतेस का? त्यानंतर माझ्या हातून एकही खाच कधी रिकामी गेली नाही. लाल डब्यात सत्तरचा संपला आणि हिरव्यात तीन असले, की मी एक इकडे टाकत असे. नवे येईपर्यंत एवढंच मनात. स्क्रू स्क्रूसारखा, माप मापासारखं. पुढच्या आठवड्यात नवे आले की ते जिथे जागा दिसेल तिथे. मला अभ्यासाची योजना नीट माहीत नव्हती असं नाही, ती मीच टाइप केली होती. पण डबे धुताना मी अभ्यास करणारी नसायची, बोलणी खायला नको म्हणून खाचा भरणारी पोर असायची. सहा महिने मी हे करत होते. आमची बहुतेक ऑपरेशनं त्याच सहा महिन्यांत झाली.

"मीच, सर," मी म्हटलं.

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"शेवंताबाईंचा एक्सरे फाइलमधून काढ," ते म्हणाले.

मी काढला. सरांनी तो दिव्याच्या पेटीवर लावला आणि पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. स्क्रूच्या पांढऱ्या सावलीला लागून केसाएवढी एक काळी रेघ सांध्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. मी ती पाहिली होती. खिडकीपाशी धरून पाहिली होती, आणि सावलीची कड समजून सोडून दिली होती. सांधा जुळलाच नव्हता. दोन वर्षं ते म्हातारं माणूस प्रत्येक पावलाला हाडावर हाड घासत होतं.

"धातूमुळे झालं का, सर?"

"कोण सांगणार? नसेलही. नीट जागी बसलेला एकाच धातूचा स्क्रू असतानासुद्धा शंभरात पाच-दहा सांधे जुळत नाहीत. पण दुखतंय म्हणून ती दोनदा तुझ्याकडे आली होती, हेमांगी."

दाराशी काका उभे होते. त्यांना एक्सरेतलं कळलं नसेल, पण आमचे चेहरे वाचता येत होते. मी त्यांच्यासमोर गेले आणि सांगितलं. स्क्रू माझ्या हातून मिसळले. सांधा जुळला नव्हता आणि मी जुळला म्हणून सांगितलं. मावशी एक अक्षर खोटं बोलत नव्हत्या.

"आम्ही तिला नाटकी म्हणायचो," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलंय म्हणून. मी म्हणायचो, माझा भाऊ म्हणायचा, सगळं घर म्हणायचं. शेवटी शेवटी ती बोलायचीच बंद झालती." त्यांनी काटा पिशवीत घातला, स्क्रूंचा रुमाल पुन्हा गाठ मारून उचलला. "आता हे घरात येऊन सांगा. माझ्या तोंडून कुणाला पटायचं न्हाई. तुम्ही यायला पायजे."

ते गेल्यावर सर म्हणाले, "थिसिसचं काय करणार?"

"काय करायचं?"

"मी गाईड म्हणून एकच सांगू शकतो. ह्याच्यावर मी सही करणार नाही. आणि नऊ दिवसांत दुसरा होत नाही."

म्हणजे वर्ष गेलं. कालपर्यंत ही माझ्या दृष्टीने जगातली सगळ्यात भयंकर गोष्ट होती. त्या दुपारी मी नुसतं "बरं" म्हटलं आणि पेशंट बघायला बसले. किती बघितले, काय लिहून दिलं, काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने मी हुपरीला गेले. एरवी त्या गावात शिरलं की प्रत्येक घरातून पैंजणाच्या कड्या ठोकल्याचा आवाज येतो. पोतदारांच्या घराखालचा कारखाना सुतकामुळे बंद होता. मधल्या खोलीत सतरंजीवर घरची माणसं बसली होती. काकांचा धाकटा भाऊ, दोन म्हाताऱ्या नातेवाईक बायका, आणि भिंतीला टेकून काकांची बायको उज्ज्वला. तिला मी ओळखत होते. मावशींना घेऊन दोन्ही वेळा तीच आली होती. तिच्याच बाजूने खोलीतला लाकडी जिना वर माडीवर जात होता.

मी एस.टी.त वाक्यं जुळवून ठेवली होती. तिथे बसल्यावर त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"शेवंतामावशींचा पाय खरंच दुखत होता," मी म्हटलं. "सांधा जुळला नव्हता. माझी चूक झाली. मी एक्सरे नीट बघितला नाही आणि त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. त्या नाटक करत नव्हत्या. हे सांगायलाच मी आले."

धाकट्या भावाने मान खाली घातली. एक म्हातारी डोळ्याला पदर लावून म्हणाली, "बघ मुरल्या. मी म्हणत हुते का न्हाई, शेवंता तसली न्हवं म्हणून." काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा सैलपणा आला. आईचं नाव धुऊन निघालं होतं, आणि ते त्यांना हवं होतं. मलाही, लाज वाटते सांगायला, पण क्षणभर हलकं वाटलं. आले, कबूल केलं, आता शिव्या खायच्या आणि परत जायचं.

मग उज्ज्वलाने विचारलं, "म्हणजे त्यांना चालवायचं न्हवतं?"

तिचा आवाज अगदी साधा होता, गोळी जेवणाआधी द्यायची की नंतर असं विचारावं तसा.

"नव्हतं," मी म्हटलं. "विश्रांती द्यायला हवी होती. परत ऑपरेशन करायला हवं होतं."

"तुम्ही मला बाजूला घिऊन सांगितलंतं."

"काय सांगितलं होतं?" काकांनी विचारलं.

ती माझ्याकडेच बघत होती. "ह्यांनी सांगितलं, पाय बरा हाय, नुसती सवय लागलीय बसायची. लाड करू नका. जिना चढाय-उतराय लावा रोज, म्हणजे मोडंल सवय."

मी तसंच सांगितलं होतं. शब्द न् शब्द. मी त्या वर्षी पाचपन्नास सुनांना हे सांगितलं असेल.

"मी तसंच केलं," उज्ज्वला म्हणाली. "आधी तांदूळ-डाळ सगळं खाली असायचं, ते मी वर माडीवर नेऊन ठेवलं. मुद्दाम. त्यांनी आणावं म्हणून. रोज आणायच्या. रडायच्या, पण आणायच्या. मला वाटायचं मी त्यांचं बरं करतीय. सोमवारीबी तांदूळ आणाय मीच पाठवलं."

मी काकांकडे पाहिलं. ते सतरंजीकडे बघत होते. आईचं नाव सोडवायला त्यांनी मला इथवर आणलं होतं आणि त्याचं ओझं कुणाच्या मानेवर उतरणार, याचा विचार त्यांनीही केला नव्हता, मीही केला नव्हता. निमित्त झालं जरा, असं ते म्हणाले होते. कशाचं, ते मी विचारलं असतं, तर निदान काय घेऊन या घरात शिरतेय हे मला माहीत असतं.

"वरनं चौथ्या पायरीवर पाय दुमडला," धाकटा भाऊ हळूच म्हणाला. "मी बघत हुतो. चपलाबी न्हवत्या. नुसता पायच दुमडला."

उज्ज्वला अजून माझ्याकडेच बघत होती. "मग आता मी काय म्हणू, मॅडम?" तिने विचारलं. "तुम्ही सांगितलं म्हणून झालं म्हणू, का मी पाठवलं म्हणून झालं म्हणू? एक काय ते सांगून जावा. मला झोप न्हाई सोमवारपासनं."

"माझं नाव घ्या," मी म्हटलं. "मी सांगितलं म्हणून झालं. तुमचा काही दोष नाही."

"आसं व्हय," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ सरकले, हात पुढे केला. सुतकाचा विचारही डोक्यात आला नाही. तिने माझा हात घेतला नाही. हात बाजूला सारलाही नाही. ती उठली, पदर खोचला, जिना चढून त्याच वरून चौथ्या पायरीपर्यंत गेली आणि तिथेच भिंतीकडे तोंड करून बसली. काकांनी तिला दोनदा हाक मारली. मी निघाले तेव्हाही ती तिथेच बसलेली होती.